आत काहीतरी फिरलं

पार्सल फोडलं, घड्याळ हातात घेतलं, सहज हलवलं आणि आत काहीतरी भिरभिरलं. सैलसर, बारीक असा हिसका तळहाताला जाणवला. घड्याळांतलं काही न कळणाऱ्याला त्याचं काहीच वाटलं नसतं. माझ्या पोटात मात्र गोळा आला. मी विकत घेतलं होतं ते ओमेगाचं स्पीडमास्टर प्रोफेशनल, 3570.50 हे मॉडेल. ते चावीचं घड्याळ. मनगटाच्या हालचालीने फिरणारा ऑटोमॅटिकचा रोटर त्यात मुळी नसतोच. मग हे फिरत होतं काय?

पुढची तपासणी मी नुसती खात्रीसाठी केली. या मॉडेलमधली 1861 ही यंत्रणा ताशी 21,600 ठोके देते, म्हणजे सेकंदाला 6. फोनवर ठोके मोजणारं अ‍ॅप लावलं, तर आकडा आला 28,800, सेकंदाला 8. काचेच्या बरोबर मध्यावर, भिंगातूनच दिसेल इतकं बारीक ओमेगाचं चिन्ह असायला हवं, तेही नव्हतं. बाहेरून नक्कल मात्र अशी सुरेख की क्षणभर कौतुकच वाटलं.

खरं दुखणं हे की यातलं सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. 1965 साली नासाने हे घड्याळ अंतराळवीरांसाठी पात्र ठरवलं, 1969 मध्ये आर्मस्ट्राँगने आपलं घड्याळ यानातच ठेवलं आणि चंद्रावर ते उतरलं ऑल्ड्रिनच्या मनगटावरून, हे मी भेटेल त्याला ऐकवतो. विक्रेत्यालाही ऐकवलं. तो म्हणाला, "सर, तुमच्यासारखं जाणकार गिऱ्हाईक मिळायला नशीब लागतं." झालं, मी विरघळलो. मी घड्याळाबद्दल पन्नास प्रश्न विचारले आणि विकणाऱ्याबद्दल एकही नाही. फोटो अस्सल घड्याळाचे होते, त्यामुळे पन्नासही उत्तरं बरोबर आली.

किंमत फार कमी असती तर मी फिरकलोही नसतो. हे त्यालाही माहीत असणार. अर्ध्या किमतीला कोणी महागडं घड्याळ देऊ लागलं की माणूस सावध होतो, पण बाजारभावाहून जेमतेम थोडं कमी दिसलं की त्याला आपल्याच हुशारीचं कौतुक वाटतं. सोबत मूळ डबा, वॉरंटी कार्ड, सगळं होतं. कार्डावरचा क्रमांक आणि घड्याळावरचा क्रमांक जुळतो का, हे मी फोटोत ताडून पाहिलं. जुळत होता. फक्त ते घड्याळ त्याचं नव्हतं.

एकदा मी त्याला म्हटलं, "काटे 3:40 वर लावा, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवा आणि फोटो पाठवा." ही मागणी अगदी योग्य होती, ती करायलाच हवी. उत्तर आलं, "घड्याळ तिजोरीत आहे सर, उद्या काढतो." आणि दोन तासांत फोटो हजर! चिठ्ठी होती, तारीख होती, काटे मात्र 10:10 वर. जाहिरातीतल्या फोटोतही 10:10, आणि सेकंदाचा काटाही तसूभर हललेला नाही. घड्याळाची सावली डावीकडे पडलेली, चिठ्ठीला सावलीच नाही. उद्या उघडणारी तिजोरी दोन तासांत कशी उघडली, हाही प्रश्न मला पडला नाही. मी उत्तर दिलं, "धन्यवाद."

ज्या संकेतस्थळावर जाहिरात होती, तिथलं त्याचं खातं जुनं होतं, शेरे चांगले होते. ते शेरे वाचायची तसदी मी फसल्यानंतर घेतली. सगळे मोबाइलच्या कव्हरांचे आणि चार्जरांचे, तेही दोन वर्षांपूर्वीचे. मधल्या काळात काहीच नाही आणि मग एकदम महागडी घड्याळं. असं खातं बहुधा कोणाचं तरी चोरलेलं किंवा विकत घेतलेलं असतं.

मग पैशांची गोष्ट निघाली. त्या संकेतस्थळावर व्यवहार केला असता तर माल हाती पडेपर्यंत पैसे अडकून राहिले असते. तो म्हणाला, "कमिशन उगाच कशाला? थेट बँकेत टाका, निम्मं तुमचं, निम्मं माझं." वर दुसरं एक गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत थांबलंय. खात्यावरचं नाव वेगळं निघालं, तर म्हणे भागीदाराचं आहे. इथे तरी कान टवकारायला हवे होते. कार्डाने दिलेल्या पैशांवर बँकेकडे तक्रार करून दाद मागता येते. थेट खात्यात पाठवलेले पैसे पाठवणाऱ्याच्या मर्जीने गेलेले असतात, ते परत मिळवणं महाकठीण. वाचवायला गेलो कमिशन आणि घालवलं मूळ मुद्दल.

पार्सल उघडल्यावर तीन दिवस मी कोणालाच काही बोललो नाही. चार माणसांत जाणकार म्हणून मिरवणारा मी, कोणत्या तोंडाने सांगणार? बँकेला त्याच तासाला कळवलं असतं तर ते खातं गोठवण्याची निदान शक्यता होती. तीन दिवसांनी कळवलं तेव्हा खातं रिकामं होतं. पोलिसांत तक्रार केली, संवाद आणि पावत्या जोडल्या. आणि कुठेतरी झाल्या प्रकाराबद्दल चार ओळी लिहिल्या, तर लगेच एका सद्गृहस्थाचा निरोप आला: पैसे परत मिळवून देतो, आधी थोडं शुल्क भरा. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी ही जात वेगळीच.

ते फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहेत, हे शोधून पाहायला मला दोन मिनिटं लागली. मूळ जाहिरात कित्येक महिन्यांपूर्वीची निघाली, घड्याळ कधीच विकलं गेलेलं. चारच्या खुणेजवळ कडेला असलेला तो बारीक ओरखडासुद्धा तोच. त्या ओरखड्याबद्दल मी विक्रेत्याला खास विचारलं होतं आणि त्याने दाराला घासल्याची साग्रसंगीत हकिगत सांगितली होती.

मागच्या आठवड्यात तोच ओरखडा पुन्हा दिसला. विक्रेत्याचं नाव नवं, किंमत तशीच बेताने कमी, काटे 10:10 वर. मी दुसऱ्या खात्यावरून निरोप पाठवला: काटे 3:40 वर लावून फोटो मिळेल का?

लगेच उत्तर आलं. "घड्याळ तिजोरीत आहे सर, उद्या काढतो."