फाकलेल्या पायांच्या बदकपिल्लांसाठी लवचिक पट्टी
सोडवून आणलेल्या बदकाच्या पिल्लाचे पाय गुळगुळीत जमिनीवर घसरून दोन्ही बाजूंना फाकले असतील, तर स्वतःलाच चिकटणारी ही लवचिक पट्टी खरोखर कामाची आहे. ती कातडीला किंवा पिसांना चिकटत नसल्यामुळे काढताना पिल्लू कळवळत नाही. रुंदी मात्र इवल्याशा पायांना फारच जास्त असल्याने तिचे उभे काप करावे लागतात आणि कापलेल्या कडांचे दोरे सुटून बोटांत अडकतात, ही उणीव दुर्लक्ष करण्याजोगी नाही. पिल्ले झपाट्याने वाढतात, म्हणून बांधणी रोज तपासावी. पाय बांधलेल्या पिल्लाला पाण्यात सोडू नये. सांधे सुजून पाय वाकले असल्यास नायसिनच्या (ब-३ जीवनसत्त्वाच्या) कमतरतेची शंका घ्यावी (कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकांना ते अधिक लागते). तेथे ही पट्टी निरुपयोगी असून खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) मिसळणेच योग्य.