मुक्त प्रकाशनाचे नऊ महिने: सगळं अडतं ते एका फाइलपाशी

मुक्त प्रकाशन म्हणजे शोधनिबंध कुणालाही फुकट वाचता यावेत अशी सोय. त्यासाठी नऊ महिन्यांपूर्वी आमच्या विद्यापीठाने नियम काढला: इथल्या कुणाचाही पेपर जर्नलने स्वीकारला की त्याची एक प्रत विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाइन साठ्यात, गेलीच पाहिजे. मी पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात, नावावर चार पेपर. त्यामुळे 'तू आधी करून बघ आणि आम्हाला सांग' असं लॅबने परस्पर ठरवून टाकलं. तेच सांगते आहे. तारे द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा ग्रंथपाल मॅडमचा.

पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटले. जर्नलच्या साइटवरून पीडीएफ उतरवली, रिपॉझिटरीत चढवली, फॉर्म भरला, वीस मिनिटांत मोकळी. दुसऱ्या दिवशी मॅडमचा दोन ओळींचा मेल: 'ही प्रत चालणार नाही. वर जर्नलचं नाव आणि खाली पान नंबर दिसतोय.' प्रयोग माझा, लेखन माझं, आकृत्या रात्र रात्र बसून मी काढलेल्या, पण ती मांडणी केलेली, पानं लावलेली प्रत प्रकाशकाची. कॉपीराइटच्या करारावर आम्हीच सही करून दिली होती. तो करार मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.

तर एका पेपरच्या तीन प्रती असतात. जर्नलला पहिल्यांदा पाठवली ती प्रीप्रिंट. रिव्ह्यूअरच्या, म्हणजे पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या, शंका मिटवून संपादकाने मान्य केली ती स्वीकृत प्रत. आणि प्रकाशकाने सजवून छापली ती अंतिम. सबस्क्रिप्शनवर चालणारी पुष्कळ जर्नलं मधली प्रत रिपॉझिटरीत ठेवू देतात, कधी लगेच, कधी सहा किंवा बारा महिने थांबून. या थांबण्याला एम्बार्गो म्हणतात. मजकूर तोच, शास्त्र तेच, फक्त साज नाही. आणि नेमकी हीच प्रत कुणाकडे सापडत नाही.

कारण साधं आहे. स्वीकारल्याचं पत्र आलं की सगळे खूश. मग प्रूफ येतं, त्यातल्या दुरुस्त्या प्रकाशकाच्या साइटवरच होतात, आणि आपल्याकडची फाइल तिथेच मागे राहते. माझ्या पहिल्या दोन पेपरांच्या प्रती जर्नलच्या सबमिशन सिस्टिममध्ये जुना पासवर्ड बदलून मिळाल्या. तिसऱ्या पेपरने मात्र जीव काढला. त्याची मूळ फाइल लॅबमधल्या सीनियर ताईच्या मशीनवर होती. ताई नोकरी धरून कंपनीत गेली आणि मशीन फॉरमॅट होऊन नव्या मुलाला मिळालं. शेवटी सरांच्या मेलमध्ये, रिव्ह्यूअरना दिलेल्या उत्तराला जोडलेली एक फाइल निघाली. तीत बदललेला मजकूर लाल रंगात होता. एक अख्खी दुपार मी लाल अक्षरं काळी करत बसले. संदर्भ क्रमांक ३१ दोनदा होता, तोही तेव्हाच दिसला.

आता सवय लावून घेतली आहे. स्वीकारल्याचा मेल आला की आधी फाइल बाजूला ठेवायची, नावात तारीख घालायची आणि सगळ्या सहलेखकांना पाठवायची. पेढे नंतर.

कुठलं जर्नल कोणती प्रत किती महिन्यांनी ठेवू देतं, हे ओपन पॉलिसी फाइंडर या साइटवर बघायचं, तिचं आधीचं नाव शेर्पा रोमिओ. जर्नलचं नाव टाकलं की तिन्ही प्रतींचे नियम वेगवेगळे दिसतात. ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांकही काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम. माझ्या क्रमांकाच्या शेवटी अंकाऐवजी एक्स आहे. ती टायपिंगची चूक वाटून मी दोनदा तपासला. शेवटची जागा पडताळणीची असते आणि हिशोब दहा आला की तिथे एक्स बसतो, हे मागाहून कळलं. ब्राउझरमधलं अनपेवॉल हे एक्स्टेंशन तर मी आता काढूच शकत नाही. पेपरचं पान उघडलं आणि त्याची कुठेतरी कायदेशीर मोफत प्रत असली की कडेला हिरवं कुलूप उघडतं. आपल्याच पेपरवर ते पहिल्यांदा हिरवं झालेलं पाहिलं तेव्हा मी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला बोलावून दाखवलं होतं. त्याने मान डोलावली आणि तो परत कामाला लागला.

पैशांचा भाग लवकर उरकते, कारण माझ्या हातात तो नाहीच. रिपॉझिटरीत प्रत ठेवण्याला हिरवी वाट म्हणतात, तिला खर्च नाही. सोनेरी वाटेने पेपर जर्नलमध्येच सगळ्यांना खुला होतो, पण पुष्कळ ठिकाणी त्यासाठी लेखकाने एपीसी, म्हणजे प्रकाशनाची फी, भरायची असते. नेचरने २०२१ पासून ही सोय दिली तेव्हा आकडा ९,५०० युरो होता. काही जर्नलं वाचकाकडूनही घेत नाहीत आणि लेखकाकडूनही नाही. त्यांना डायमंड म्हणतात, खर्च विद्यापीठं किंवा संस्था उचलतात. २००२ मध्ये बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात मुक्त प्रकाशनाची व्याख्या झाली, तिच्यात लेखकाने पैसे भरावेत अशी अट कुठेच नाही. तरी आमच्या मजल्यावर 'ओपन ॲक्सेस' म्हटलं की समोरचा आधी विचारतो, 'किती घेतात?' आणि त्यात त्याचा दोष नाही. 'आदरणीय प्राध्यापक' म्हणून मला, म्हणजे पीएचडीच्या मुलीला, पाच दिवसांत पेपर छापून देण्याचे मेल रोज येतात. अशा वेळी डीओएजे या मुक्त जर्नलांच्या यादीत ते जर्नल आहे का ते बघावं. ही यादी २००३ मध्ये लुंड विद्यापीठात सुरू झाली. मी तिथे बघते आणि पुढे संपादक मंडळातल्या दोघांच्या स्वतःच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का तेही तपासते. दोनदा नव्हता.

माझी खरी तक्रार आमच्या नियमावरच आहे. प्रत ठेवा म्हणतो, पण ठेवण्याचा हक्क आमच्यासाठी राखत नाही. हार्वर्डच्या कला आणि विज्ञान विद्याशाखेने २००८ मध्ये ठराव केला, त्यात प्राध्यापक आपल्या लेखांचा मर्यादित हक्क विद्यापीठाला आधीच देऊन टाकतात. नंतर प्रकाशकाशी काहीही करार झाला तरी तो हक्क आधीचा ठरतो. आमच्याकडे प्रत्येकाने स्वतः भांडायचं. चौथ्या पेपरच्या वेळी मी सरांना म्हटलं, 'सर, सबमिट करतानाच एक ओळ घालू या, की स्वीकृत प्रत आम्ही सीसी बाय लायसन्सने खुली ठेवणार.' म्हणजे श्रेय दिलं की कुणीही ती वापरावी. सर थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. 'तुझी थीसिस अडकलीय त्यात. जर्नल बिथरलं तर?' ओळ घातली नाही. त्यांचं चुकलं असं मला आजही छातीठोक म्हणता येत नाही.

त्याऐवजी तो पेपर आधी आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंटच्या ऑनलाइन साठ्यात टाकला. पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला हा साठा भौतिकशास्त्रात इतका मुरलाय की आमच्या विषयाचे लोक जर्नलच्या आधी तिथेच बघतात. तिथे रिव्ह्यू होत नाही, विषयाला धरून आहे की नाही एवढी चाळणी लागते. नव्या माणसाला कुणा जुन्याचा दुजोरा लागू शकतो, तो मला सरांनी दिला.

तीन आठवड्यांनी एका अनोळखी विद्यार्थ्याचा मेल आला. भाषा फार नम्र, जणू त्याचीच चूक. तक्ता ३ मध्ये थराच्या जाडीच्या रकान्यावर नॅनोमीटर लिहिलंय, पण आकडे आकृती ५ शी जुळत नाहीत, दहापट मोठे वाटतात. मी फाइल उघडली. आकडे अँगस्ट्रॉममध्ये होते. यंत्रातून आलेला रकाना तसाच चिकटवला होता आणि वर एकक बदललं होतं. सरांनी, दोन सहलेखकांनी आणि मी मिळून निदान पंधरा वेळा वाचलेला तक्ता. कान गरम झाले.

आर्काइव्हवर दुसरी आवृत्ती त्याच संध्याकाळी चढवली. पहिली तिथून हटत नाही, कायम दिसत राहते, म्हणजे माझी चूक तारखेसकट जपली गेलीय. पेपर तेव्हा जर्नलकडे रिव्ह्यूलाच होता, म्हणून तिथे बदल जमला. छापून आल्यावर हे निघालं असतं तर वेगळं शुद्धिपत्र काढावं लागलं असतं. कच्चा डेटाही मग झेनोडो या साठ्यात टाकला. ते सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चालतं, फुकट आहे आणि डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, लगेच देतं. रकान्यांची एककं या वेळी दुसऱ्याकडून तपासून घेतली.

रिपॉझिटरीत मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एम्बार्गोतल्या पेपरखालचं 'प्रत मागवा' हे बटण. वाचक ते दाबतो, कारण लिहितो, मला मेल येतो आणि मी 'पाठवा' म्हटलं की फाइल जाते. तिसरा पेपर, तो लाल अक्षरांचा, अजून चार महिने बंद आहे. त्यासाठी सात विनंत्या आल्या. बहुतेकांचं कारण एकच, आमच्याकडे हे जर्नल येत नाही. सातवी गेल्या मंगळवारी रात्री आली. नाव सीनियर ताईचं. तिच्या कंपनीकडे सबस्क्रिप्शन नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं: 'लेखिका मीच आहे.'