व्हीएममध्ये फाईल न्यायची कशी: शेअर्ड फोल्डर की नेटवर्क शेअर?

राजारामपुरीतल्या खोलीत एकच लॅपटॉप, त्यावर विंडोज ११ आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबुंटू लिनक्सची व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक), एवढाच संसार असेल तर शेअर्ड फोल्डर घ्या आणि कामाला लागा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपसारखं असेल, म्हणजे ड्रॉइंगचा तोच फोल्डर व्हीएमला हवा आणि शेजारच्या टेबलावरही, तर एसएमबी शेअर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने नेटवर्कवर खुला केलेला फोल्डर, करावाच लागतो.

शेअर्ड फोल्डरला आयपी नको, फायरवॉलची कटकट नको. व्हीएममध्ये गेस्ट ॲडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचं जोड-सॉफ्टवेअर) टाका, फोल्डर निवडा, ऑटो-माउंटवर टिक करा. उघडताना ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर तुमचा युजर ‘व्हीबॉक्सएसएफ’ ग्रुपमध्ये नाही. त्याला ग्रुपमध्ये घाला आणि व्हीएम रीस्टार्ट करा. खरी गोची पुढे आहे. या फोल्डरात सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणाऱ्या फाईली) मुळात बंद असतात, त्यामुळे एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणारी कमांड, मध्येच रडतं. विंडोजमध्ये फाईल सेव्ह केली तरी व्हीएममध्ये चालणाऱ्या वेब सर्व्हरला पत्ता लागत नाही, ब्राउझर आपणच रिफ्रेश करत बसायचं. म्हणून कोड व्हीएमच्या डिस्कवरच ठेवा. शेअर्ड फोल्डर फक्त ने-आण करायला.

एसएमबीत आधी नेटवर्क ठरवा. नॅटमध्ये (व्हीएम होस्टच्या, म्हणजे मूळ लॅपटॉपच्या, आडून नेटवर्क वापरते) व्हीएमला होस्ट १०.०.२.२ वर सापडतो, पण पोर्ट फॉरवर्ड (होस्टच्या एका पोर्टवर आलेली जोडणी व्हीएमकडे वळवणं) केल्याशिवाय होस्टला व्हीएम सापडत नाही. ब्रिज्डमध्ये राउटर व्हीएमला वेगळा आयपी देतो, म्हणजे ती ऑफिसात सगळ्यांना दिसते. लॉगिन पेज असलेल्या कॉलेजच्या वायफायवर मात्र ब्रिज्डच्या नादी लागू नका. माझी पसंती: इंटरनेटला नॅट राहू द्या, दुसरा ॲडॉप्टर होस्ट-ओन्ली, म्हणजे फक्त होस्ट आणि व्हीएममधलं नेटवर्क. त्यात होस्ट सहसा १९२.१६८.५६.१ असतो.

पुढचा अडथळा पासवर्डचा. विंडोज उघडताना टाकता तो पिन इथे चालत नाही, अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. तो कित्येकांना आठवतच नाही! पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर फायरवॉलमध्ये फाईल शेअरिंगला परवानगी आहे का बघा. विंडोज हे नेटवर्क ‘पब्लिक’ समजून बसलेलं असतं.

‘एसएमबी १ (एसएमबीची जुनी आवृत्ती) चालू करा’ असं जुन्या व्हिडिओत सांगतात, ते ऐकू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच वाटेने पसरला होता.

एनएफएसचा (लिनक्सच्या जगातला फाईल-शेअरिंगचा मार्ग) विचार दोन्हीकडे लिनक्स असेल तरच करा. विंडोज होममध्ये त्याचा क्लायंटच मिळत नाही.