प्रेस शॉपवाले इअरमफ, दिवाळीसाठी घेतले : 4 स्टार

वाळूजच्या कारखान्यात प्रेस शॉपमधे, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनींचा मोठा आवाज असतो तिथं, कामगार कानाला लावतात ना, तसले इअरमफ ऑनलाइन मागवले 780 रुपयाला, पण कंपनीसाठी नाही, आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या पोरासाठी. पोरगं येमेनचं, तैझ शहरातलं, इथं विद्यापीठात शिकायलंय. मार्च 2015 मधे तिकडं विमानातून बॉम्ब पडायला लागले तेव्हा हा 10 वर्षाचा, पुढं शहराला वेढाच पडला. मागच्या वर्षी लक्ष्मीपूजनाला गल्लीत सुतळी बॉम्ब सुरू झाले आन हा बाथरूममधे भिंतीला पाठ लावून बसलेला, नळ फुल्ल सोडलेला, बादली भरून वाहायली. "आंटी, मालूम है पटाखा है, लेकिन हाथ नहीं सुनता," म्हणला. हात नुसते थरथर कापायलेले.

मला आमची आजी आठवली. निजामाच्या रझाकारांच्या टायमाला ती 8 वर्षाची, 1948 च्या सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, सगळं मिटलं, तरी म्हातारपणीसुद्धा रात्री कुत्री भुंकली की उठून कणगीमागं जाऊन बसायची. आम्ही लेकरं हसायचो तिला, त्याचं आता लई वाईट वाटतं.

तर इअरमफ. माळेचा तडतडाट एकदम कमी होतो, पैसे त्यातच वसूल. पण सुतळी बॉम्बचा धम्म आवाज छातीत बसतो, तो काय थांबत नाही. चष्म्याच्या काडीपाशी फट राहते आन आवाज तिथूनच शिरतो, म्हणून हा चष्मा काढूनच बसला. अर्ध्या तासात कान घामानं ओले होतात.

अजून एक, दिवाळी संपली तरी हा दिवसभर घालूनच बसायला लागला, खाली मिक्सर लावला तरी. मग 14416 ला, म्हणजे टेलि-मानसला, फोन लावून दिला, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट, रात्रीबेरात्री पण लागतो. तिथल्या मॅडम हिंदीत निवांत बोलल्या त्याच्याशी, मोठा आवाज असेल तेवढ्यापुरतंच घाल म्हणल्या, सारखे कान झाकले तर बारका आवाजही टोचायला लागतो. आता मफ खिळ्याला टांगलेले असतात.

गल्लीतल्या पोरांनाही सांगून ठेवलंय. तुळशीच्या लग्नाला बॉम्ब लावायच्या आधी खालून ओरडली, "भैया, लावू का?" हा मफ घालून गॅलरीत आला आन वरून हात केला.

एक स्टार चष्म्याच्या फटीसाठी कापला.