पॉल ब्रून अनुदान की २० टक्के करसवलत?

अमेरिकेतील एखाद्या खेड्यातल्या ऐतिहासिक नाट्यगृहाचे छप्पर गळू लागले, तर केंद्रीय मदतीच्या दोन वाटा विचारात घेता येतात. नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्र सरकारी संस्थेचे पॉल ब्रून अनुदान राज्यस्तरीय वा ना-नफा संस्थांमार्फत पोटअनुदान म्हणून वास्तूपर्यंत पोहोचते; त्याबदल्यात मालकाला जतनाचा करार मान्य करावा लागतो. २० टक्के करसवलत, म्हणजे पुनर्वसनाच्या पात्र खर्चाच्या २० टक्के रक्कम मालकाच्या करातून वजा होणे, मात्र उत्पन्न देणाऱ्या वास्तूंनाच लागू होते, ती पाच वर्षांत विभागून मिळते, आणि त्यासाठी खर्च वास्तूचे समायोजित मूल्य (ढोबळमानाने, जमीन वगळून खरेदी किंमत, त्यात सुधारणांचा खर्च मिळवून आणि घसारा वजा करून) किंवा ५,००० डॉलर, यांपैकी मोठ्या रकमेपेक्षा अधिक असावा लागतो. नुसत्या छपराच्या कामाला ही अट बहुधा आडवी येते. शिवाय ज्याला मुळात फारसा करच भरावा लागत नाही, अशा छोट्या मालकाला सवलतीचा थेट उपयोग तो काय? माझ्या मते, त्याने आधी अनुदानासाठीच अर्ज करावा.