एडॅट ऑप्टिकल घ्यावं की कोअ‍ॅक्स एसपीडिफ?

घोडबंदर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये तबला-पेटी रेकॉर्ड करताना ऑडिओ इंटरफेसचे (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा) २ माइक इनपुट कमी पडायला लागले म्हणून बाहेरचा प्रीअ‍ॅम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा डबा) जोडायचा ठरवलं. तो इंटरफेसला जोडायच्या दोन डिजिटल वाटा म्हणजे एडॅट (ऑप्टिकल केबलवरून) आणि एसपीडिफ (कोअ‍ॅक्स, म्हणजे तांब्याच्या केबलवरून). कोअ‍ॅक्सवरून २ चॅनलच जातात, एखादाच स्टिरिओ डबा असेल तर तेवढं पुरे, केबल मात्र ७५ ओमचीच घ्या. मी एडॅट घेतलं, कारण ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं) ८ चॅनल येतात (९६ ला ४च) आणि सिग्नल प्रकाशातून जातो त्यामुळे त्या केबलमधून ग्राउंडची (अर्थिंगमधली) घरघर येतच नाही, मला तर हाच फायदा सगळ्यात मोठा वाटतो. ही ऑप्टिकल केबल जास्त वाकवू नका. आणि हो, दोन्ही डब्यांत क्लॉक (सॅम्पलची वेळ ठरवणारा सिग्नल) एकाचाच हवा, प्रीअ‍ॅम्प मास्टर (क्लॉक देणारा) असेल तर इंटरफेस एक्स्टर्नल (बाहेरच्या) क्लॉकवर ठेवा, नाहीतर चांगल्या टेकमध्ये टकटक येते.