भाड्याचा फ्लॅट: सोसायटीचा विमा पुरे की स्वतःचाही हवा?

"सोसायटीने बिल्डिंगचा विमा काढलाय की!" म्हणत बरेच फ्लॅटमालक निर्धास्त असतात. पण तो इमारतीचा. आपलं मॉड्युलर किचन, वॉर्डरोब त्यात सहसा नसतं. आगीनंतर घर रिकामं पडलं तर बुडालेलं भाडंही नाही.

मला स्वतःची पॉलिसी जास्त पटते. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित घरविमा पॉलिसीमध्ये घर पुन्हा राहण्याजोगं होईपर्यंतचं भाडं धरलेलं आहे. घराचा विमा घेतला की सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांचं संरक्षण आपोआप मिळतं. रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, बाजारभावावर नाही. त्यामुळे हप्ता झेपतो. भाडेकरूचा टीव्ही मात्र त्याचा त्याने बघावा.

आणि त्याने भाडंच थकवलं तर? तिथे दोन्ही विमे हात वर करतात. डिपॉझिट तगडं घ्या.